एका दिवसापुरती एक चूल

घरच्या घरी, अल्प खर्चात कुटुंबमेळ्याची प्रथा कशी सुरू करावी

आपल्या देशात नातलगांनी एकत्र यावे असे प्रसंग कमी नाहीत. तरीही बारकाईने पाहिले तर आज बहुतेक कुटुंबांत सर्व शाखांची माणसे दोनच निमित्तांनी एकत्र येतात : लग्नासाठी आणि मृत्यूनंतरच्या दिवसकार्यासाठी. लग्नघरी यजमानाला कोणाजवळ घटकाभर बसण्याची सवड नसते, आणि दिवसकार्याच्या वेळी सवड असली तरी कोणाचे मन ठिकाणावर नसते. अशा वेळी जमलेली मंडळी निरोप घेताना एकमेकांना एकच वाक्य म्हणतात, ‘अशा कारणानेच भेटायचे का आता?’ प्रश्न खरा असतो; पण त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि पुढची भेट पुन्हा अशाच एखाद्या कारणाने होते.

लग्न आणि मृत्यू यांखेरीज एक तिसरे निमित्त प्रत्येक कुटुंबाला स्वतः निर्माण करता येते. त्यासाठी मोठे सभागृह, मंडप किंवा आचारी यांची आवश्यकता नसते. लागते ती थोडी योजना, थोडी शिस्त आणि एका नियमाचे कटाक्षाने पालन. तो नियम असा : कुटुंबातील सर्वांत कमी ऐपतीच्या घराला पुढील वर्षी यजमानपद झेपेल, एवढाच मेळा या वर्षी करावा. या प्रकरणातील बहुतेक सूचना या एका नियमातून निघालेल्या आहेत.

चूल वेगळी झाल्यानंतर

विख्यात समाजशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांच्या रचनेवरील आपल्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, ती आजही अभ्यासक प्रमाण मानतात. एका छपराखाली राहणे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणे, मालमत्ता समाईक असणे, उपासना समाईक असणे आणि परस्परांशी नात्याने बांधलेले असणे, अशी ती लक्षणे होत. नोकरी, शिक्षण आणि शेतीची वाटणी यांमुळे यांपैकी छप्पर, चूल आणि मालमत्ता ही तीन लक्षणे अनेक कुटुंबांतून गेली. उपासनाही बहुधा घरोघरी निराळी झाली. उरले ते केवळ नाते.

परंतु राहण्याची जागा वेगळी झाली म्हणजे कुटुंब मोडले असे समजण्याचे कारण नाही. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या गावाचा अभ्यास करून १९६४ साली ग्रंथरूपाने मांडलेला निष्कर्ष या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घर वेगळे असूनही परस्परांविषयीची कर्तव्ये, देवाणघेवाण आणि आपुलकी कायम असू शकते. म्हणून एकत्रपणा मोजावयाचा तो छपरावरून नव्हे, तर संबंधांवरून, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र संबंध आपोआप टिकत नाहीत. सख्खी भावंडे एकाच अंगणात वाढलेली असतात, त्यामुळे ती वर्षानुवर्षे न भेटताही एकमेकांना ओळखतात. त्यांच्या मुलांपाशी ते अंगण नसते. चुलतभावंडांना एकमेकांची नावे ठाऊक असतात, पण स्वभाव ठाऊक नसतात. आणि त्यांच्या पुढच्या पिढीला नावेही ठाऊक राहत नाहीत. मोबाईलवरील कौटुंबिक गटात वाढदिवसाच्या शुभेच्छा दररोज येत असतात, पण त्यांतून ही उणीव भरून निघत नाही. वर्षातून एक दिवस एका चुलीवरचे अन्न सर्वांनी खावे, एवढाच कुटुंबमेळ्याचा गाभा आहे.

देशातील काही प्रथा

ही कल्पना नवी नाही. भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांत अशा भेटींच्या प्रथा पूर्वापार आहेत, आणि प्रत्येकीत आपल्याला घेण्यासारखे काहीतरी आहे.

तमिळनाडूत पोंगलच्या उत्सवातील चौथा दिवस ‘काणुम पोंगल’ म्हणून पाळला जातो. ‘काणुम’ या शब्दाचा संबंध पाहण्याशी, भेटण्याशी आहे. त्या दिवशी लोक आप्तांच्या घरी जातात, किंवा घरून शिजवून नेलेले अन्न घेऊन नदीकाठी अथवा समुद्रकिनारी एकत्र बसून जेवतात. उत्सवाचा एक संपूर्ण दिवस केवळ एकमेकांस पाहण्यासाठी राखून ठेवला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आंध्र प्रदेश व तेलंगणात कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली वनभोजन करण्याची चाल आहे. महाराष्ट्रातील आवळीभोजन हे तिचेच भावंड म्हणता येईल. घराबाहेर झाडाखाली बसल्यामुळे जागेचा प्रश्न सुटतो, आणि प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणल्यामुळे कोणा एकावर भार पडत नाही. कृष्णकथेतील गोपाळकाल्याचे तत्त्वही हेच आहे : प्रत्येकाची शिदोरी वेगळी, पण काला एकच.

गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे रांधणछठीला, स्वयंपाक करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शीतला सातमीला चूल न पेटवता ते थंड अन्न खातात. या व्रतामागील श्रद्धा काहीही असो, सणाच्या दिवशी चुलीला विसावा मिळतो आणि घरातील स्त्रियाही इतरांसोबत बसू शकतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ आहे.

बंगालमधील जुन्या घराण्यांत दुर्गापूजेचा भार भाऊबंदांत पाळीपाळीने वाटून घेण्याची पद्धत आहे. ज्याची पाळी असेल त्या शाखेने त्या वर्षीची व्यवस्था पाहावयाची, इतरांनी हजर राहावयाचे. कर्नाटकातील कोडगू प्रदेशात प्रत्येक कुळाचे एक मूळ घर असते आणि त्याला ‘ऐन मने’ म्हणतात. याच प्रदेशात १९९७ साली करडा या गावी कोडव कुळांच्या हॉकी स्पर्धा सुरू झाल्या. एकेका कुळाचा एकेक संघ असतो आणि यजमानपद वेगवेगळ्या कुळांकडे जाते. केरळातील अनेक ख्रिस्ती घराण्यांत ‘कुडुंबयोगम’, म्हणजे कुटुंबसभा भरते, आणि घराण्याचा इतिहास छापला जातो. महाराष्ट्रातील कुलसंमेलने आणि कुलवृत्तांत यांच्याशी तिचे साम्य सहज दिसून येईल.

या सर्व उदाहरणांवरून चार गोष्टी निष्पन्न होतात. दिवस ठरलेला असतो. अन्न साधे आणि वाटून आणलेले असते. श्रम एकाच घरावर पडत नाहीत. आणि यजमानपद फिरते राहते. ज्या मेळ्यांत या चार गोष्टी नसतात, ते पहिल्या वर्षी थाटात होतात आणि पुढे बंद पडतात. पहिल्या यजमानाने केलेला थाट हेच बहुधा त्याचे कारण असते. ज्याची ऐपत बेताची आहे तो मनात म्हणतो, ‘आपल्याकडून एवढे होणार नाही’. आणि मनातली ही गोष्ट बोलून दाखवण्याऐवजी तो काही निमित्त सांगून पुढच्या वर्षी टाळतो.

एक उदाहरण

पुढील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवू. चार भावंडे आहेत. थोरले भाऊ बैतुलजवळच्या गावी शेती करतात. दुसरे भोपाळला नोकरीत आहेत. बहीण नागपुरात दोन खोल्यांच्या घरात राहते. तिच्या पतीचे लहानसे दुकान आहे. धाकटे भाऊ हैदराबादला एका कारखान्यात अभियंता आहेत आणि त्यांची प्राप्ती सर्वांत अधिक आहे. चारही घरांतील मिळून २८ माणसे : २० मोठी आणि ८ मुले. सर्वजण शेवटचे एकत्र आले ते आईच्या तेराव्याला. त्या वेळी भोपाळच्या मुलाने हैदराबादच्या मुलीला ‘तुम्ही कोण?’ असे विचारले. ती त्याची सख्खी चुलतबहीण होती.

धाकट्या भावाने एखादे निवासस्थान भाड्याने घेऊन सर्व खर्च स्वतः करण्याची तयारी दाखवणे स्वाभाविक आहे. त्याचा हेतू निर्मळ असला, तरी ही सूचना नम्रपणे नाकारावी. एकाच्या पैशाने झालेला मेळा हा त्याचा पाहुणचार होतो, कुटुंबाची प्रथा होत नाही. येथे पहिला मेळा बहिणीच्या दोन खोल्यांत भरवणे अधिक योग्य. तेथे जे जमले ते इतर तिन्ही घरांत निश्चित जमेल, असा विश्वास सर्वांना वाटेल. शिवाय नागपूर हे बैतुल, भोपाळ आणि हैदराबाद या तिन्ही दिशांनी रेल्वेने थेट गाठता येते, हाही विचार महत्त्वाचा आहे.

दिवसाची निवड

तारीख दरवर्षी नव्याने ठरवू नये. नव्याने ठरवावयाची म्हटले की प्रत्येकाची अडचण पुढे येते आणि चर्चेतच महिने जातात. ‘दिवाळीनंतरचा दुसरा रविवार’ असा कायमचा नियम करावा. दिवाळीचा खर्च व धावपळ संपलेली असते, परतीची गर्दी ओसरू लागलेली असते, हवा कोरडी व सुखद असते, आणि कार्तिकातील वनभोजनाचा काळही तोच आहे. राज्याराज्यांतील शाळांच्या सुट्ट्या सारख्या नसल्यामुळे अनेक दिवसांचा कार्यक्रम आखण्यात अर्थ नाही. शनिवारी सायंकाळी यावे आणि रविवारी सायंकाळी निघावे, एवढे पुरेसे आहे.

दिवस ठरलेला असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे प्रवासाची तजवीज वेळेवर होते. भारतीय रेल्वेत आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणून मेळ्याच्या दोन महिने आधी प्रत्येक घरातील एका तरुणाने तिकिटे काढण्याचे काम अंगावर घ्यावे.

संदेश मोबाईलवर गेला तरी घरातील वडीलधाऱ्यांना हाताने लिहिलेले पत्र पाठवावे. आपल्या उदाहरणातील बहीण थोरल्या भावास पुढीलप्रमाणे लिहू शकेल :

‘ती. दादास व सौ. वहिनीस सा. न. वि. वि. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आपण सर्व भावंडांनी माझ्याकडे जमावयाचे ठरविले आहे. जागा लहान आहे, पण आपण लहानपणी याहून लहान जागेत राहिलो आहोत. येताना घरची मुगाची डाळ १ किलो आणि दोन चादरी आणाव्या. आहेर, साडी, मुलांसाठी खाऊ यांपैकी काहीही आणू नये. मीही कोणाला काही देणार नाही. आईच्या हातची पाटवडी वहिनींना येते, ती त्यांनी मुलींना शिकवावी अशी इच्छा आहे.’

या पत्रात काय आणावे याबरोबर काय आणू नये हेही स्पष्ट सांगितले आहे. देण्याघेण्याचा व्यवहार सुरू झाला की त्याची तुलना सुरू होते, आणि मेळ्याचा खर्च दुप्पट होतो. म्हणून आहेराला पहिल्याच वर्षी पूर्ण फाटा द्यावा.

खर्चाची विभागणी

अशा मेळ्यात अन्नापेक्षा प्रवासाचा खर्च बहुधा अधिक असतो, आणि तो सर्वांना सारखा पडत नाही. आपल्या उदाहरणात बहिणीला प्रवासखर्च शून्य, तर हैदराबादच्या कुटुंबाला सर्वांत अधिक. यजमानपद फिरते ठेवल्याने काही वर्षांत हा भार आपोआप समान होत जातो. तोपर्यंत ज्याला प्रवास झेपत नाही त्याला समाईक निधीतून तिकीट द्यावे, आणि ही गोष्ट हिशोब पाहणाऱ्याखेरीज कोणास कळू देऊ नये.

निधीसाठी भिशीची पद्धत सोयीची आहे. प्रत्येक घराने दरमहा १०० रुपये बाजूला काढले, तर चार घरांचे वर्षाला ४,८०० रुपये होतात. ही रक्कम लहान आहे, पण ती प्रत्येकाची सारखी आहे, हे तिचे महत्त्व. ज्याला अधिक द्यावयाचे असेल त्याने मेळ्याच्या दिवशी बंद डब्यात टाकावे. डबा शेवटी उघडावा. कोणी किती टाकले हे विचारू नये, सांगूही नये. यामुळे अधिक देणाऱ्याच्या औदार्याला वाव राहतो आणि कमी देणाऱ्याला संकोच वाटत नाही.

यजमानाने जागा द्यावी, पैसा देऊ नये. अंथरूण-पांघरूण प्रत्येकाने आपले आणावे. रात्रीच्या निजण्यासाठी शेजाऱ्यांकडून एखादी खोली मागून घेण्यात कमीपणा मानू नये. मोठी पातेली, सतरंज्या, जादा ताटे ही विकत घेण्याची वस्तू नव्हे. ती गल्लीतील मंडळाकडून किंवा शेजारून मिळतात. कागदी अथवा प्लॅस्टिकच्या ताटांपेक्षा प्रत्येकाने आपले ताट-वाटी-भांडे सोबत आणणे स्वस्तही पडते आणि स्वच्छही.

भोजन

जेवण एकच, दुपारचे, आणि एका मोठ्या पातेल्यात होणारे असावे. २८ माणसांसाठी खिचडी-कढीचा बेत पुढील प्रमाणात करता येतो : तांदूळ २.५ किलो, मुगाची डाळ १ किलो, कढीसाठी दही २ किलो व डाळीचे पीठ २५० ग्रॅम, भाजीसाठी बटाटे ३ किलो, कोशिंबिरीसाठी काकडी २ किलो. शिजलेल्या खिचडीसाठी सुमारे २० लिटरचे पातेले लागेल. तांदूळ आणि डाळ शेतकरी घराकडून, दही-भाजी यजमानाच्या गावातून समाईक निधीतून, पापड-लोणचे भोपाळहून आणि चिवडा-शंकरपाळ्यांसारखा टिकाऊ फराळ हैदराबादहून, अशी वाटणी केली असता कोणावरही भार पडत नाही. दिवाळीचा फराळ उरलेला असला तर तोच आणावा. त्यासाठी नवा घाणा काढण्याची गरज नाही.

शनिवारी रात्रीसाठी आणि परतीच्या प्रवासासाठी दशम्या, ठेपले, पुऱ्या यांसारखे टिकणारे पदार्थ प्रत्येकाने घरून आणावे. मात्र शिजवलेला भात किंवा खिचडी शीतकपाटाबाहेर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नये. अशा भातात विषबाधा करणारे जंतू वाढतात, आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून खिचडी रविवारीच सकाळी करावी आणि तीन-चार तासांत संपवावी.

श्रमाचा हिशोब

मेळा स्वस्तात झाला असे आपण म्हणतो तेव्हा त्याची खरी किंमत पुष्कळदा एखाद्या स्त्रीने स्वयंपाकघरात मोजलेली असते. सर्वजण अंगणात जुन्या आठवणींत रमलेले असताना घरची सून सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्याशी उभी असेल, तर तिला पुढील वर्षीच्या मेळ्याचे स्वागत करावेसे का वाटावे? आणि तिला वाटले नाही, तर ती प्रथा टिकणार नाही. म्हणून पैशाप्रमाणे श्रमाचाही हिशोब मांडावा.

शीख पंथातील लंगर या बाबतीत आदर्श मानता येईल. तिसरे गुरू अमरदास (१४७९–१५७४) यांनी लंगरची प्रथा दृढ केली. सर्वांनी एका पंगतीत जेवावयाचे, आणि भाजी चिरणे, पोळ्या लाटणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे लहान-थोर, स्त्री-पुरुष असा भेद न करता सेवा म्हणून करावयाची, ही त्या प्रथेची रीत आहे. घरच्या मेळ्यात तिचे अनुकरण सहज करता येते. आदल्या रात्री एका कागदावर कामे लिहून भिंतीला लावावीत : खिचडीचे पातेले दोन पुरुषांनी पाहावे, बटाटे सोलणे व काकडी कोचणे हे तरुणांनी करावे, वाढणे मुलांनी करावे, भांडी ज्याची त्याने घासावी, मोठी पातेली दोघा जावयांनी. जावयाला काम सांगणे काही घरांत अवघड वाटेल, पण हातात काम आलेला जावई त्या दिवसापुरता पाहुणा राहत नाही. यजमान घरातील गृहिणीचे नाव मात्र या कागदावर कोठेही असू नये. आधीच्या आठवड्याची तयारी तिने केलेलीच असते.

दिवसाचा क्रम

कार्यक्रम भरगच्च नसावा. सकाळी १० वाजता सर्वांनी गोलाकार बसून प्रत्येकाने आपले नाव, आपण कोणाचे कोण आणि गेल्या वर्षातील एक घटना सांगावी. यामुळे लहान मुलांना नात्यांचा पट कळतो. त्यानंतर एका वडील व्यक्तीस एकच प्रश्न विचारावा आणि तिचे उत्तर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असा सर्वसाधारण प्रश्न केला असता उत्तरही तसेच मिळते. ‘गावच्या घरात किती खोल्या होत्या आणि कोण कोठे निजत असे?’, ‘पहिला पगार किती मिळाला आणि त्याचे काय केले?’, ‘दुष्काळाच्या वर्षी घरात काय शिजत असे?’ असे नेमके प्रश्न करावेत. दरवर्षी एक प्रश्न विचारला, तरी दहा वर्षांत घराण्याचा छोटासा इतिहास तयार होतो.

जेवणानंतर मुलांना खेळू द्यावे आणि मोठ्यांना नुसते बसू द्यावे. दोन बहिणींनी पायरीवर बसून तासभर हळू आवाजात बोलणे, हा मेळ्याचा सर्वांत मोलाचा भाग असू शकतो. त्यासाठी रिकामा वेळ लागतो. निघण्यापूर्वी एक सामुदायिक छायाचित्र घ्यावे. दरवर्षी त्याच क्रमाने बसावे. मुले पुढे, वृद्ध मध्यभागी. काही वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली असता पुढे बसणारी मुले मागच्या रांगेत गेलेली आणि मधल्या काही जागा रिकाम्या झालेल्या दिसतात.

मेळ्याची वही

एक जाड पुठ्ठ्याची वही मेळ्याची म्हणून ठेवावी. तिच्या पहिल्या भागात वंशावळ, दुसऱ्यात प्रत्येक वर्षीची हजेरी व जमाखर्च आणि तिसऱ्यात घरातील पाककृती, औषधे, गाणी, म्हणी अशा गोष्टी लिहाव्यात. वही त्या त्या वर्षीच्या यजमानाकडून पुढील यजमानाकडे जावी.

वंशनोंदीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्या, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, मिथिलेतील पंजी ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. पूर्वजांपैकी कोणी तीर्थयात्रेस जाऊन आले असेल, तर तेथील नोंदींतून आजोबा-पणजोबांची नावे आणि मूळ गाव सापडण्याचा संभव असतो. परंतु अशा नोंदी प्रामुख्याने पुरुषांच्या वंशाच्या असतात. लेक सासरी गेली की तिची शाखा वंशावळीतून गळते, आणि पुढे निमंत्रणातूनही गळते. ही रीत सार्वत्रिक नाही, हे ध्यानात ठेवावे. मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि पूर्वजांचे घर सर्वांत धाकट्या मुलीकडे राहते. कुटुंबाची धार्मिक कार्येही तिच्याच घरी होतात. आपल्या वहीत लेकी, सुनांची माहेरची नावे आणि लेकींची मुले यांना समान जागा द्यावी. ज्या आजीचे माहेरचे नाव कोणालाच सांगता येत नाही, तिची जागा रिकामी ठेवावी. ती रिकामी दिसली म्हणजे कोणीतरी शोध घेईल.

छापील वंशवृत्तांत काढण्याची घाई करू नये. तो खर्चिक असतो, आणि एकदा छापला की त्यातील चुका कायम राहतात. हाताने लिहिलेली वही आणि तिच्या पानांची मोबाईलवर काढलेली छायाचित्रे प्रत्येक घरी असली म्हणजे पुरे.

जपावयाच्या गोष्टी

बहुतेक कुटुंबांत एखादा सल असतोच. आपल्या उदाहरणात थोरले आणि दुसरे भाऊ यांच्यात विहिरीच्या पाण्यावरून बोलणे बंद आहे असे समजू. अशा वेळी निमंत्रण दोघांनाही सारखेच जावे. शेत, घर, वाटणी, उसने पैसे आणि न्यायालयातील दावे हे विषय त्या दिवशी काढावयाचे नाहीत, असे आधीच पत्रातून कळवावे. दोघांना सर्वांसमोर हात मिळवावयास लावण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. त्याने एखादे वेळी जखम अधिक खोल जाते. त्याऐवजी कामाच्या कागदावर दोघांची नावे एकाच पातेल्यासमोर लिहावीत. खिचडीला आणखी पाणी हवे की नको, एवढे तरी त्यांना एकमेकांशी बोलावेच लागेल. त्यापुढचे त्यांच्यावर सोडावे. एक जण आला नाही, तर त्याच्यावर टीका न करता पुढील वर्षी त्याला पुन्हा बोलवावे.

तसेच मुलांचे गुण, तरुणांचा पगार, कोणाचे लग्न का ठरत नाही, कोणाला मूल का नाही, हे प्रश्न वर्ज्य मानावेत. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असेल. पण ज्याला विचारले जाते तो पुढील वर्षी येण्याचे टाळतो. नोकरी गेलेला भाचा किंवा माहेरी परत आलेली पुतणी यांना जेथे निर्धास्तपणे येता येते, तो मेळा खऱ्या अर्थाने कुटुंबाचा.

दुसरे वर्ष

पहिल्या वर्षी नवलाईमुळे बहुतेकजण येतात. प्रथेची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. म्हणून निरोप घेण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात : जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा, पुढील यजमानाचे नाव वहीत लिहावे, आणि वही त्याच्या हाती द्यावी. दुसऱ्या वर्षी २८ पैकी १५ जणच आले, तरी मेळा रद्द करू नये. खिचडीचे तांदूळ कमी घ्यावेत, एवढेच. हजेरी कमी-अधिक होत राहील. दिवस मात्र चुकू नये. एखाद्या वर्षी कोणाचेच येणे शक्य नसले, तर प्रत्येकाने आपापल्या घरी त्या रविवारी खिचडी-कढीच करावी आणि मुलांना तिचे कारण सांगावे.

आपल्या उदाहरणातील दुसरा मेळा बैतुलजवळच्या गावी भरला असे मानू. थोरल्या भावाचे घर साधे आहे आणि त्यांचे उत्पन्न पावसावर अवलंबून आहे. परंतु नागपूरच्या दोन खोल्यांत जे झाले ते त्यांनी पाहिले आहे. डाळ-तांदूळ घरचे आहेत, अंथरुणे पाहुणे आणणार आहेत आणि पातेल्याजवळ कोणी उभे राहावयाचे हे कागदावर लिहिलेले आहे. त्यामुळे यजमानपदाची त्यांना भीती वाटत नाही. नागपूरला आपल्या चुलतभावाने ‘तुम्ही कोण?’ असे विचारलेली मुलगी या वेळी त्याच्याबरोबर विहिरीवर पाणी आणावयास गेली आहे. पहिल्या वर्षी मेळा साधा ठेवला म्हणून हे घडू शकले. आपल्या कुटुंबात अशी प्रथा सुरू करू इच्छिणाऱ्याने आज एकच करावे : दिवस ठरवावा, आणि घरातील सर्वांत थोरल्या व्यक्तीला पत्र लिहावे.